हद्दवाढ आणि पिण्याचे पाणी

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या वस्त्यांतून, आठवड्यापूर्वी जुलाबाने हैराण होऊन नुकतीच कोठे सावरलेली माणसे, पायांतील बळ एकाएकी गेल्यामुळे घरच्यांच्या आधाराने रुग्णालयांत दाखल होऊ लागली, आणि डॉक्टरांखेरीज फारसे कोणास ठाऊक नसलेले गुलेन बॅरी सिंड्रोम हे नाव, जीबीएस या संक्षिप्त रूपाने, शहराच्या घराघरांत पोचले. या विकारात आपलीच प्रतिकारशक्ती, एखाद्या जंतूशी झुंज देऊन झाल्यावर, आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. दुर्बलता बहुधा पायांपासून वर चढत जाते, आणि ती श्वसनाच्या स्नायूंपर्यंत पोचली तर रुग्णाला कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर ठेवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. एरवी वर्षाकाठी लाखात एकदोघांना होणारा हा विकार दोनतीन महिन्यांच्या अवधीत राज्यात दोनशेहून अधिक माणसांना झाल्याचा संशय घ्यावा लागला, दहाहून अधिक माणसे दगावली, आणि रुग्णांचा सर्वांत मोठा गट होता तो पुणे महापालिकेत नव्याने समाविष्ट झालेल्या गावांतला. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तपासलेल्या मलनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू आढळले. दोन्ही दूषित अन्नपाण्यावाटे पोटात जाणारे.

साथ ओसरली, तपासणीसाठी आलेली पथके परत गेली, आणि आता त्या गावांची नावे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येत नाहीत. परंतु ज्या व्यवस्थेत ही साथ फोफावली ती व्यवस्था एकट्या पुण्याची नाही. महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक वाढत्या शहराच्या कडेला ती आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला अगत्याचे वाटते. माझे म्हणणे असे की, शहराची हद्द वाढविण्याचा कायदेशीर अधिकार शासनाला असला, तरी गाळून शुद्ध केलेले पाणी ज्या घरापर्यंत नेण्याची तजवीज झालेली नाही, त्या घरावर शहराचा शिक्का मारण्याचा नैतिक अधिकार त्याला नाही. आणि पाणी पिण्यालायक आहे की नाही याची खातरजमा शुद्धीकरण केंद्राच्या दारात न होता, जलवाहिनी जेथे संपते त्या शेवटच्या घराच्या नळाशी झाली पाहिजे.

नांदेड गावच्या विहिरीचेच उदाहरण घ्यावे. खडकवासला धरणाचे पाणी या विहिरीत येई, तेथे त्यात क्लोरिन मिसळला जाई, आणि तेच पाणी आसपासच्या गावांतील नळांना सुटे. धरणातून पर्वतीच्या किंवा वडगावच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे जाणारे पाणी आणि या विहिरीत येणारे पाणी मुळात एकच. पहिल्यात तुरटी पडते. पाण्यात तरंगणारे मातीचे अतिसूक्ष्म कण, जे एरवी दिवसच्या दिवस खाली बसत नाहीत, ते तुरटीमुळे एकमेकांना चिकटून त्यांचे कापसासारखे पुंजके होतात आणि संथ टाकीत तळाला जातात. वर राहिलेले निवळ पाणी वाळूच्या जाड थरांतून झिरपते आणि उरलासुरला गाळ, त्याबरोबर जंतूंचा फार मोठा हिस्सा, त्या वाळूत अडकून राहतो. आणि एवढे सगळे झाल्यावर, स्वच्छ झालेल्या पाण्यात, क्लोरिन सोडला जातो. दुसऱ्याच्या, म्हणजे विहिरीतल्या पाण्याच्या, वाट्याला या चार संस्कारांपैकी फक्त अखेरचा येई. धरणाच्या काठाने गेल्या काही वर्षांत उभी राहिलेली हॉटेले, फार्महाऊसे आणि वस्त्या ज्याने पाहिल्या आहेत, आणि त्यांचे सांडपाणी उताराने कोठे जाते याचा ज्याने क्षणभर विचार केला आहे, त्याला या फरकाचे गांभीर्य वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. वडगावचे केंद्र या विहिरीपासून थोड्याच किलोमीटरांवर आहे, ही गोष्ट मला विशेष क्लेशदायक वाटते. कारण तंत्रज्ञान, धरण आणि माणसे ही सर्व हाताशी असताना राहिली होती ती केवळ मधली जलवाहिनी.

क्लोरिन हे निःसंशय मोठे औषध आहे, आणि गेल्या शंभर वर्षांत त्याने वाचविलेल्या प्राणांची गणती करता येणार नाही. परंतु ते काम करते ते काही अटींवर. पाणी गढूळ असेल तर मातीच्या कणांच्या आड जंतू सुरक्षित राहतात आणि क्लोरिन त्या मातीवरच खर्ची पडतो. म्हणूनच भारतीय मानक १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा एक एनटीयूच्या आत असावा असे म्हटले आहे, आणि दुसरा पर्यायच नसेल तर पाचापर्यंत मुभा दिली आहे. क्लोरिन मिसळल्यावर पाणी निदान अर्धा तास तसेच राहिले पाहिजे. त्याआधीच ते नळाला सुटले तर औषध आणि जंतू यांची गाठ वाटेतच, अपुऱ्या वेळात पडते. आणि ज्याला गावोगावी टीसीएल म्हणतात ती ब्लीचिंग पावडर ताजी असताना तिच्यात शेकडा ३३ च्या आसपास क्लोरिन असतो खरा, पण पोते उघडे राहिले, गोदामात ओल आली, की तो हवेत निघून जातो आणि मागे राहते ती बहुतांशी चुन्याची पांढरी भुकटी, जी बादलीत कालवून ओतणाऱ्या कामगाराला पूर्वीइतकीच पांढरी दिसते. त्या कामगाराला दोष देणे अन्यायाचे होईल. ज्याच्या हाती मोजमापाचे साधन दिले नाही, त्याने अंदाजानेच काम करायचे.

गाळल्यावाचून पाणी पुरविण्याचा परिणाम काय होतो, याची परीक्षा युरोपात १८९२ साली एवढ्या स्पष्टपणे झालेली आहे की, सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात तिला तोड नाही. जर्मनीतील हॅम्बुर्ग आणि अल्टोना ही दोन शहरे एल्ब नदीच्या एकाच काठावर एकमेकांना इतकी भिडलेली होती की, नकाशावाचून त्यांची सीमा ओळखू येऊ नये. हॅम्बुर्ग नदीचे पाणी शहराच्या वरच्या बाजूने उचलीत असे आणि न गाळता नळांना सोडीत असे. अल्टोना खालच्या बाजूने, म्हणजे हॅम्बुर्गचे सगळे मैलापाणी ज्यात मिसळलेले आहे असे, कितीतरी अधिक घाण पाणी उचलीत असे, परंतु ते वाळूतून सावकाश गाळून देत असे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पटकीची साथ आली आणि काही आठवड्यांत हॅम्बुर्गमध्ये साडेआठ हजारांहून अधिक माणसे मेली. अल्टोनाला तिची झळ त्या मानाने नाममात्र लागली. रॉबर्ट कॉख तेथे तपासासाठी गेले तेव्हा त्यांना असे दिसून आले की, दोन शहरांची सीमा ज्या रस्त्यांतून जाते तेथे साथही त्याच सीमेवर थांबली होती; इतकेच नव्हे, तर हॅम्बुर्गच्याच हद्दीत असलेल्या, पण अल्टोनाचे पाणी घेणाऱ्या एका वसाहतीला साथीने स्पर्शही केला नव्हता. त्या वेळी हॅम्बुर्गचे गाळण केंद्र बांधून होत आले होते, आणि पुढच्या वर्षी ते सुरूही झाले. पैशाची आणि तपशिलाची वर्षानुवर्षे चाललेली चर्चा थोडी आधी आटोपती घेतली असती, तर ते केंद्र साथीच्या आधी उभे राहिले असते.

मला या हकीकतीत सर्वांत विचार करण्याजोगी वाटते ती ही सीमेची गोष्ट. रोगाने शासनाने आखलेली हद्द पाळली नाही. त्याने जलवाहिनीची हद्द पाळली. पुण्यातील समाविष्ट गावे महापालिकेच्या नकाशात आली, मिळकतकराच्या दप्तरात आली, परंतु शुद्धीकरण केंद्राच्या जाळ्याबाहेर राहिली, आणि जंतूंनी त्यांना बरोबर त्याच जागी गाठले.

आपल्याकडचा दुसरा दाखला दिल्लीचा आहे, आणि तो अधिक सावध करणारा आहे, कारण तेथे शुद्धीकरण केंद्र होते. १९५५ च्या अखेरीस यमुनेचा प्रवाह बदलल्याने नजफगढ नाल्यातील मैलापाणी वझिराबाद येथे जेथून शहराचे पाणी उचलले जाई तेथे येऊन मिसळू लागले. अधिकाऱ्यांच्या लक्षात ही गोष्ट आली आणि त्यांनी तुरटीचे व क्लोरिनचे प्रमाण वाढविले. विषमज्वर वाढला नाही, हगवण वाढली नाही. परंतु काही आठवड्यांनी सुमारे एकोणतीस हजार माणसांना कावीळ झाली. जीवाणूंना मारण्यास पुरेसा ठरलेला क्लोरिन काविळीच्या विषाणूला पुरेसा ठरला नव्हता. पुढे १९८० च्या सुमारास त्या रुग्णांचे जपून ठेवलेले रक्तनमुने पुन्हा तपासले गेले, तेव्हा ही कावीळ तोवर माहीत असलेल्या दोन्ही प्रकारांहून निराळी असल्याचे कळले. आज आपण तिला हिपॅटायटिस ई म्हणतो. हीच कावीळ २०१२ मध्ये इचलकरंजीत आली, पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळल्यानेच आली, आणि हजारो घरांना तिचा फटका बसला. गर्भवती स्त्रीला हा विकार किती घातक ठरतो हे कोणत्याही प्रसूतितज्ज्ञाला विचारावे. दिल्लीचा धडा एवढाच की, मैल्याला पाण्यापासून दूर ठेवणे हे पहिले काम आहे, गाळणे हे दुसरे, आणि क्लोरिन हे शेवटचे. पहिली दोन कामे टाळून तिसऱ्यावर भिस्त ठेवणारी व्यवस्था नशिबावर चाललेली असते.

आता हद्दवाढीकडे वळू. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावे आली आणि २०२१ च्या जूनअखेर आणखी २३. क्षेत्रफळाने ही महापालिका मुंबईहूनही मोठी झाली. एका अधिसूचनेने ग्रामपंचायती विसर्जित झाल्या, त्यांचे दप्तर, नोंदवह्या, कर्मचारी आणि पाण्याच्या जुन्या योजना महापालिकेकडे वर्ग झाल्या. ग्रामपंचायतीच्या कारभाराचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु तेथे निदान जलसुरक्षक म्हणून एक माणूस नेमलेला असतो, आरोग्य खाते पाण्याच्या स्रोतांचे सर्वेक्षण करून गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देते, आणि पाणी वाईट आले तर सरपंचाचे घर कोठे आहे हे प्रत्येक बाईला ठाऊक असते. गाव शहरात आले की हे सारे एका दिवसात संपते. त्याच्या जागी नगरसेवक यावयाचा. पण पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका लांबत गेल्याने साथीच्या काळात तेथे प्रशासकांची राजवट होती. म्हणजे २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या गावच्या रहिवाशाला २०२५ च्या जानेवारीत ना सरपंच होता ना नगरसेवक. त्याची तक्रार ऐकून घेणारा अधिकारी होता, परंतु त्या तक्रारीसाठी सभागृहात उभा राहून जाब विचारणारा कोणी नव्हता. निवडणुका लांबविणाऱ्यांनी आणि लांबू देणाऱ्यांनी, पाण्यासारख्या बाबतीत त्याची किंमत कोण मोजतो, याचा विचार केला पाहिजे.

याच गावांत गेल्या पंधरावीस वर्षांत दहा-बारा मजल्यांच्या इमारतींची संकुलेच्या संकुले उभी राहिली. नळाचे पाणी नसताना त्यांना परवानगी मिळाली कशी, असा प्रश्न नवख्याला पडेल. त्याचे उत्तर एका हमीपत्रात असते. महापालिकेचे पाणी येईपर्यंत रहिवाशांना पाणी पुरविण्याची जबाबदारी माझी, असे विकासक लिहून देतो आणि फाईल पुढे सरकते. घरे विकली जातात, सोसायटी स्थापन होते, देखभालीचा कारभार रहिवाशांच्या हाती येतो, आणि हमीपत्र दप्तरात राहते. टँकरचे बिल मात्र दरमहा सोसायटीच्या खात्यातून जाते. तो टँकर कोणत्या विहिरीवर भरला, ती विहीर कोणत्या नाल्याच्या काठी आहे, टाकी आतून कधी धुतली होती, या प्रश्नांची उत्तरे सोसायटीच्या सचिवाजवळ नसतात आणि टँकरचालकाजवळही नसतात. साथीच्या दिवसांत महापालिकेने टँकर भरण्याच्या खाजगी जागांचे नमुने घेतले, तेव्हा त्यांतील कित्येक पिण्यास अयोग्य निघाले आणि मालकांना नोटिसा गेल्या. तपासणी करता येत होती, ती करण्याचा अधिकारही होता, हे यावरून सिद्धच झाले; मग ती साथीपूर्वी नियमाने का होऊ नये?

आणि ज्यांना नळ आहे त्यांचे तरी काय? आपल्या बहुतेक उपनगरांत पाणी दिवसातून तास-दोन तास येते, कोठे एक दिवसाआड येते. ही गैरसोय आहे एवढेच आपण मानतो, पण ती त्याहून गंभीर बाब आहे. जलवाहिनीत दाब असतो तोवर तिला एखादी बारीक चीर असली तरी पाणी बाहेर झिरपते, आतले पाणी बिघडत नाही. व्हॉल्व्ह बंद झाला, नळी रिकामी होत गेली, की त्याच चिरेतून बाहेरचा ओलावा आत शोषला जातो. आणि आपल्या अरुंद गल्ल्यांत पिण्याच्या पाण्याची नळी ड्रेनेजच्या चेंबरला खेटून, कधी गटाराच्या आतूनच गेलेली असल्याने, तो ओलावा कशाचा असतो हे सांगायला नको. त्यात पाणी आले की घरोघर नळाला थेट मोटार जोडून ते ओढण्याची चढाओढ लागते, आणि वरच्या मजल्यावर बादली भरताना शेजारच्या चेंबरमधले मैलापाणीही त्या ओढीने नळीत येऊ शकते, याचे भान कोणाला राहत नाही. व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाला मात्र हे ठाऊक असते. पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे प्यायचे भरू नका, असे तो आपल्या ओळखीच्यांना सांगतो. महापालिकेच्या पाणीपट्टीच्या बिलावर ही सूचना छापलेली मी पाहिलेली नाही.

या साऱ्यावर एक अगदी साधी, अल्पखर्चाची तपासणी आहे, आणि ती मी मुद्दाम तपशिलाने सांगतो. बोटभर लांबीच्या काचेच्या नळीत खुणेपर्यंत नळाचे पाणी घ्यावयाचे, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकावयाचे आणि हलवून उजेडात धरावयाचे. पाण्यात मुक्त क्लोरिन शिल्लक असेल तर क्षणात पिवळी छटा येते, आणि ती शेजारच्या रंगपट्टीशी ताडून पाहिली की प्रमाण कळते. कामगारांच्या बोलीत ही ओटी टेस्ट; अलीकडे तिच्या जागी अधिक सुरक्षित अशी डीपीडीची तपासणी येत आहे, तिच्यात छटा गुलाबी येते. शेवटच्या नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरला पाहिजे. रंग आला नाही तर दोनपैकी एक गोष्ट खरी: क्लोरिन पुरेसा टाकलाच नव्हता, अथवा वाटेत एवढी घाण मिसळली की तो सारा तिच्यातच संपला. दोन्ही बातम्या त्याच दिवशी कळायला हव्यात. कारण ज्यांत जंतू वाढवून पाहावे लागतात त्या प्रयोगशाळेतील परीक्षांचे निष्कर्ष हाती येईपर्यंत ते पाणी पिऊन झालेले असते. सिंहगड रस्त्याच्या भागात साथ सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यांत काही ठिकाणी उर्वरित क्लोरिन आढळला नाही, ही वार्ता वृत्तपत्रांत आली होती. रोज सकाळी त्याच नळांशी ही परीक्षा होऊन तिचा आकडा चावडीवर लागत असता, तर ती वार्ता साथ सुरू होण्यापूर्वी आली असती.

कित्येक सुस्थित कुटुंबांनी या प्रश्नातून आपली सुटका करून घेतली आहे असे त्यांना वाटते: घरात आरओ यंत्र बसविले की झाले. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी गल्लीच्या तोंडाशी खाजगी आरओ प्लांट निघाले आहेत, आणि सायकलच्या कॅरिअरला वीस लिटरचा जार अडकवून संध्याकाळी पाणी नेणारी मुले आता प्रत्येक उपनगरात दिसतात. हे पाणी चवीला गोड लागते, कारण त्यातील क्षार काढलेले असतात; परंतु चव आणि सुरक्षितता यांचा काही संबंध नाही. या यंत्रांत पडद्यापूर्वी कोळशाची गाळणी असते, ती पाण्यातील क्लोरिन काढून टाकते, आणि अशा रीतीने जंतूंविरुद्धचे संरक्षण गमावलेले पाणी जर न घासलेल्या टाकीत आणि हात बुडालेल्या जारमध्ये साठविले, तर ते नळाच्या पाण्याहूनही लवकर बिघडते. साथीच्या काळात महापालिकेने नांदेड परिसरातील असे अनेक प्लांट, नमुने दूषित निघाल्यामुळे किंवा परवाना नसल्यामुळे, सील केले. मला आरओ घेणाऱ्या गृहस्थाला बोल लावायचा नाही, आपल्या लेकरांची काळजी कोणाला नसते? परंतु प्रत्येक सधन घराने अशी आपापली सोय केली की नळाच्या पाण्याविषयी बोलणारा, अर्ज करणारा, वर्तमानपत्राला पत्र लिहिणारा वर्गच नाहीसा होतो, आणि ते पाणी पिणारे मागे राहतात ते बांधकामावरचे मजूर, भाड्याच्या खोलीत राहणारे विद्यार्थी आणि चाळीतली कुटुंबे. सार्वजनिक पाणी चांगले राहण्यासाठी ते सर्वांनी पिण्याची गरज आहे.

खर्चाचा मुद्दा नेहमी पुढे केला जातो, आणि तो खोटा नाही. समाविष्ट गावांत जलवाहिन्या, जलकुंभ आणि केंद्रे उभारणे ही शेकडो कोटींची बाब आहे. त्यात खडकवासल्याच्या पाण्यावर शेतीचाही हक्क आहे, आणि पाटबंधारे खाते व महापालिका यांच्यातील कोट्याचा वाद दरवर्षी उन्हाळ्यात निघतो. परंतु गावे समाविष्ट करतानाच हा खर्च समोर होता. तो तेव्हा न मांडता, परवानग्यांचे शुल्क आणि मिळकतकर यांचा जमाखर्च मात्र लगेच मांडला गेला, ही माझी तक्रार आहे. शिवाय अशक्य म्हणून जे सांगितले जाते ते आपल्याच राज्यात, लहान गावाने केलेले आहे. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी द्यायला सुरुवात केली त्याला आता दीड तपाच्या आसपास काळ लोटला. नळीत सतत दाब असल्याने बाहेरची घाण आत येण्याचा मार्गच तेथे बंद झाला. ओडिशातील पुरी शहराने २०२१ मध्ये नळाचे पाणी थेट पिण्यायोग्य असल्याचे जाहीर केले, आणि हे शहर लाखो यात्रेकरूंचा भार सोसणारे आहे. खुद्द पुण्यात, अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावांतून शनिवारवाड्यापर्यंत जो चुनेगच्ची नळ आणला, त्यात वाटेवर गाळ बसण्यासाठी हौद आणि हवेसाठी उच्छ्वास बांधलेले होते. पाणी आणायचे तर ते वाटेत निवळलेही पाहिजे, एवढी जाण त्या काळच्या कारागिरांना होती.

१९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने पाणीपुरवठा हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरविले आहे. उद्याने, नाट्यगृहे यांत मागेपुढे होऊ शकेल. यात होऊ शकत नाही. तेव्हा समाविष्ट गावांतील जे स्रोत आज गाळणीवाचून वापरात असतील, त्यांच्या जागी शुद्धीकरण केंद्राचे पाणी कोणत्या तारखेला येणार हे प्रत्येक गावापुरते लेखी जाहीर झाले पाहिजे, आणि तोवर त्या नळाच्या पाण्याला पिण्याचे पाणी म्हणून पाणीपट्टी आकारू नये. प्रत्येक जलकुंभाच्या पट्ट्यातील अखेरच्या चार-पाच नळांची सकाळची क्लोरिन-तपासणी आणि गढूळपणा यांचे आकडे त्याच दिवशी क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर आणि वर्तमानपत्रांत यावेत. पावसाचे आणि तापमानाचे आकडे आपण रोज छापतोच. तपासणी करणारा आणि पाणी सोडणारा एकाच खात्याचा नसावा. टँकर भरण्याच्या जागेला आणि आरओ प्लांटला परवाना देताना पाण्याचा मासिक अहवाल सक्तीचा करावा, आणि तो दाराशी लावलेला असावा. विकासकाच्या हमीपत्रावर भोगवटा प्रमाणपत्र देण्याची प्रथा बंद व्हावी; जेथे नळ पोचलेला नाही तेथे घर राहण्यायोग्य झाले असे प्रमाणित करणे हे असत्य विधान आहे, मग ते कितीही सद्भावनेने केलेले असो.

हिंजवडी, माण, मारुंजी आणि त्या बाजूची आणखी काही गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घेण्याचा प्रस्ताव गेली कित्येक वर्षे वर निघतो आणि खाली जातो. तेथे लोकवस्ती मोठी आहे, टँकरही कमी नाहीत, आणि रस्त्यांच्या कोंडीमुळे तो प्रस्ताव कधीतरी मंजूर होणार हे उघड आहे. तो मंजूर होण्यापूर्वी त्या फाईलमध्ये एक तक्ता जोडलेला असावा: कोणत्या गावाला कोणत्या शुद्धीकरण केंद्रातून, किती व्यासाच्या नळीने, रोज किती पाणी, आणि कोणत्या महिन्यापासून. ज्या गावापुढचा रकाना रिकामा असेल, त्या गावाच्या समावेशाची अधिसूचना नगरविकास खात्याने काढू नये.